कल्ट, पंथ की संप्रदाय? नव्या विश्वासणाऱ्याने पारख कशी करावी

नव्याने प्रभूकडे आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच हा प्रश्न गाठतो. एक जण सांगतो, "त्या मंडळीत जाऊ नकोस, त्यांचं शिक्षण चुकीचं आहे." ज्यांच्याबद्दल सांगितलं ते याच्या मंडळीबद्दल तेच म्हणत असतात. मग तिसरा कुणी घरी येतो आणि सांगतो की या दोघांनाही सत्य कळलेलं नाही, ते फक्त आमच्याकडे आहे. ऐकणारा एक तर सगळ्यांच्या मागे जातो, नाहीतर कुणाच्याच नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती दृष्टीनेच लिहितो आहे. म्हणजे पवित्र शास्त्र आणि मंडळीचे जुने मतांगीकार (आपण काय मानतो याची ठरीव, थोडक्यातली विधानं) ही माझी मोजपट्टी. समाजशास्त्रज्ञांची पट्टी वेगळी असते. तीही मधून मधून हाताशी घेईन, कारण काही गोष्टी तिनेच नीट दिसतात.

आधी शब्द साफ करू

'पंथ' हा शब्द आपण फार सैल वापरतो. कॅथलिक पंथ, प्रॉटेस्टंट पंथ म्हणतो आणि सामूहिक आत्महत्येची बातमी आली की तोही 'पंथ'च. मुळात शब्द साधा आहे, पंथ म्हणजे वाट. आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या विश्वासणाऱ्यांना 'त्या मार्गाचे' लोक म्हटलं आहे (९:२). पुढे पौलावर आरोप ठेवणारा वकील तिर्तुल्ल त्याला 'नासोरी पंथाचा पुढारी' म्हणतो (२४:५). तिथला ग्रीक शब्द आहे 'हैरेसिस'. त्याचा मूळ अर्थ निवड. सदूकी आणि परूशी या यहुदी गटांसाठीही तोच शब्द येतो. पुढे मंडळीने तोच शब्द पाखंडासाठी वापरला. म्हणजे आज आपण ज्या शब्दाने दुसऱ्याला झोडपतो, तो आधी आपल्याच पूर्वजांना लावला गेला होता. हे आठवलं की जीभ जरा जपून चालते.

या लेखापुरते अर्थ असे ठरवू. संप्रदाय म्हणजे ज्याच्या विश्वासाचा गाभा इतर ख्रिस्ती मंडळींसारखाच आहे, पण उपासनेची रीत, कारभार आणि काही शिकवण वेगळी आहे, आणि जो आपल्याबाहेरही खरे ख्रिस्ती आहेत हे मान्य करतो. पंथ म्हणजे मोठ्या मंडळीतून फुटून निघालेला, तिला कोमट समजणारा, नियमांनी कडक, आकाराने बहुधा लहान गट. गाभा अनेकदा शाबूत असतो, दार मात्र अरुंद असतं.

कल्ट या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. ख्रिस्ती लेखक तो शब्द वापरतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं की हा गट ख्रिस्ताचं नाव घेतो पण ख्रिस्ताविषयीचा गाभाच बदलतो. पत्रकार किंवा मानसोपचारतज्ज्ञ तो शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की हा गट माणसाला कह्यात घेतो. पहिला दोष शिकवणीचा, दुसरा वागणुकीचा. दोन्ही एकत्र असू शकतात, पण असायलाच हवेत असं नाही. नव्या माणसाचा निम्मा गोंधळ या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकल्यामुळे होतो. आपण दोन तराजू ठेवू.

पायरी पहिली: नाव विचारा

सगळ्यात सोपी परीक्षा हीच, आणि बहुतेक जण संकोचाने ती टाळतात. "तुमच्या मंडळीचं नाव काय? ती कुठल्या संस्थेशी किंवा संप्रदायाशी जोडलेली आहे? तुमचा विश्वासांगीकार लेखी मिळेल का?" असे तीन प्रश्न विचारा. कुठलाही पाळक याने दुखावला जात नाही. उलट अनेकांना बरं वाटतं की कुणी विचारलं.

मी स्वतः एकदा नाव न सांगणाऱ्या गटाच्या अभ्यासवर्गात सहा आठवडे बसलो आहे. एका ओळखीच्या मुलाने बोलावलं होतं. वर्ग छान चालायचा. शिकवणारा वहीत डाव्या बाजूला जुन्या कराराची वचनं लिहायला लावायचा, उजव्या बाजूला प्रकटीकरणाची आणि मध्ये बाण. प्रत्येक बाणाला एक उत्तर ठरलेलं. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "आपण कुठल्या मंडळीचे?" तो हसून म्हणाला, "आम्ही कुठल्याच मंडळीचे नाही, फक्त बायबलचे." चौथ्या आठवड्यात सांगितलं गेलं, की हे शिक्षण अजून घरी बोलू नका, तान्ह्या बाळाला मांस पचत नाही. पौलाने दूध आणि मांस असा दाखला दिला आहे खरा (१ करिंथ ३:२), पण त्याने करिंथकरांना तो उघड पत्रात लिहिला आणि ते पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचलं गेलं. घरच्यांपासून लपवायला सांगण्यासाठी तो वापरलेला पाहिला तेव्हा माझी वही बंद झाली. गटाचं खरं नाव मला बाहेर पडल्यावर कळलं.

'आम्ही फक्त बायबलचे' म्हणणारे सगळेच लबाड नसतात. कित्येक स्वतंत्र मंडळ्या प्रामाणिकपणे असं म्हणतात. फरक इतकाच, की प्रामाणिक मंडळी पुढचा प्रश्न विचारू देते आणि त्याचं उत्तरही देते.

पायरी दुसरी: येशू कोण, हे त्यांच्याच शब्दांत ऐका

शिकवणीच्या तराजूत सगळ्यात जड वजन याच प्रश्नाचं. पौलाने करिंथकरांना इशारा दिला तो नेमका हाच: कुणी येऊन 'दुसऱ्या येशूची' घोषणा करील, तुम्हांला 'निराळा आत्मा', 'निराळी सुवार्ता' देईल (२ करिंथ ११:४). येशू, आत्मा, सुवार्ता हे शब्द तेच राहतात, आतला माल बदलतो. म्हणून "तुम्ही येशूला मानता का?" या प्रश्नाचा काही उपयोग नाही. सगळे हो म्हणतात.

असं विचारा: "येशू निर्माण केला गेला, की तो अनादि आहे?" "आपण त्याची प्रार्थना आणि उपासना करावी का?" "पवित्र आत्मा व्यक्ती आहे की शक्ती?" "माझं तारण कशाने होतं? तुमच्या संघटनेबाहेर राहून होईल का?" उत्तर मिळेपर्यंत थांबा. आणि मिळालेलं उत्तर तुमच्या शब्दांत परत सांगून विचारा, "म्हणजे असंच ना?"

हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा मंडळीचा वडील (प्रेस्बिटर) शिकवू लागला की पुत्र सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण 'तो नव्हता असा काळ होता'. त्याची गाणीही लोकांच्या तोंडी बसली होती म्हणतात. ३२५ साली निकेया इथे बिशपांची परिषद भरली आणि तिने ठरवलं की पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे, निर्माण केलेला नाही. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथल्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने मांडला. आज उपासनेत आपण जो निकेयाचा मतांगीकार म्हणतो तो यातून आला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन हे तो मानतात. इथिओपियन आणि कॉप्टिक मंडळ्यांनी ४५१ ची कॅल्सीडॉन परिषद स्वीकारली नाही, पण निकेया त्यांनाही मान्य आहे. अनेक बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तो म्हटला जात नाही, तरी त्यांच्या विश्वासांगीकारात आशय तोच सापडतो. नव्या माणसाने हा मतांगीकार पाठ करावा असं मी आग्रहाने सांगेन. दोन मिनिटांचा मजकूर आहे, आणि दाराशी आलेल्या अर्ध्याअधिक प्रश्नांना तो पुरतो.

एक उदाहरण जवळून पाहू. योहान १:१ मध्ये 'शब्द देव होता' असं आहे. यहोवाचे साक्षीदार यांच्या 'नवे जग भाषांतर' या बायबलमध्ये तिथे शब्द 'एक देव' होता, अशा अर्थाची रचना आहे. कलस्सै १:१६ मध्ये 'त्याच्याद्वारे सर्व काही निर्माण झाले' याऐवजी त्यांच्याकडे 'इतर सर्व काही' येतं. ग्रीक मजकुरात तिथे 'इतर' हा शब्द नाही. पण तो घातला की येशू स्वतःही निर्माण झालेल्यांच्या रांगेत उभा राहतो. म्हणून दोन भाषांतरं शेजारी शेजारी उघडून ठेवण्याची सवय लावा आणि एका वचनावर थांबू नका. त्याच योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमा उठलेल्या येशूला 'माझा प्रभू व माझा देव' म्हणतो, आणि येशू त्याला अडवत नाही.

यहोवाचे साक्षीदार त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत. ते स्वतःच हे उघड सांगतात, त्यात त्यांची निंदा नाही. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेली मॉर्मन मंडळी बायबलच्या जोडीला मॉर्मनचे पुस्तक शास्त्र मानते आणि पिता, पुत्र व आत्मा हे तीन वेगळे अस्तित्व असलेले आहेत असं शिकवते. मंडळीच्या जुन्या मतांगीकाराच्या मापाने हे दोन्ही गट ऐतिहासिक ख्रिस्ती विश्वासाच्या बाहेर पडतात. तरी त्यातला तुमचा शेजारी किंवा सहकारी सज्जन, मेहनती, कुटुंबवत्सल असू शकतो आणि बहुधा असतोच. शिकवणीविषयीचा निर्णय माणसाच्या शीलावर लादू नका. मी तर अशा लोकांशी बोलताना 'कल्ट' हा शब्दच तोंडातून काढत नाही. तो उच्चारला की चहा गार होतो आणि संभाषणही.

पायरी तिसरी: कडेचे प्रश्न कडेलाच ठेवा

बालबाप्तिस्मा की प्रौढ बाप्तिस्मा, शिंपडून की बुडवून, अन्य भाषा आजही बोलल्या जातात का, बिशप असावेत की वडीलजन, स्त्रियांनी उपदेश करावा का, ख्रिस्ताचं परत येणं हजार वर्षांच्या राज्याआधी की नंतर. या प्रश्नांवर शास्त्रावर मनापासून प्रेम करणारे लोक शेकडो वर्षं वेगवेगळं बोलत आले आहेत. यांपैकी कशावरूनही कुणी कल्ट ठरत नाही.

१५२९ साली मार्बुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले. पंधरा कलमं पुढे होती. चौदांवर एकमत झालं. पंधराव्यात, प्रभुभोजनातल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीवर, अडलं. 'हे माझे शरीर आहे' हे शब्द लूथरने खडूने टेबलावर लिहून ठेवले होते म्हणतात, आणि तो तिथून हलायला तयार नव्हता. दोन संप्रदाय वेगळे राहिले. वाईट वाटावं असंच ते आहे, पण चौदा कलमं एक होती हेही खरं. संप्रदायांमधली भांडणं साधारण अशी असतात.

नवखा माणूस इथे एक चूक करतो. ज्या मंडळीत त्याला विश्वास मिळाला, तिची रीत त्याला सुवार्तेइतकीच पवित्र वाटू लागते. टाळ्या न वाजवणारे त्याला मेलेले वाटतात, नाहीतर टाळ्या वाजवणारे उथळ. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशा वेळी शांतपणे वाचावा. खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांना तुच्छ लेखणाऱ्यांना पौल तिथे विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण?

पायरी चौथी: पंथाला वेळ द्या

पंथ ओळखणं अवघड, कारण तो बदलत असतो. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ एच. रिचर्ड नीबर यांनी १९२९ साली मांडलेला मुद्दा अजून उपयोगी आहे: फुटून निघालेला कडवा पंथ सहसा एका पिढीपुरताच तसा राहतो. मुलं होतात, शाळा लागते, इमारत उभी राहते, पगारी पाळक येतो आणि पंथाचा हळूहळू संप्रदाय होतो.

इतिहास पाहिला तर आजचे कितीतरी प्रतिष्ठित संप्रदाय एकेकाळी संशयित होते. 'मेथडिस्ट' हे नाव ऑक्सफर्डमधल्या वेस्ली बंधूंच्या मित्रमंडळाला चिडवण्यासाठी दिलेलं. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सिमोर यांच्या सभा सुरू झाल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी टर उडवली. आज पेंटेकॉस्टल मंडळ्या जगभर आहेत. आणि सगळ्यात लाजिरवाणं उदाहरण झुरिकचं. प्रौढ बाप्तिस्मा द्यावा असं म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिम्मात नदीत बुडवून मारलं गेलं. मारणारे प्रॉटेस्टंटच होते. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पाण्यात बुडवण्याची शिक्षा! 'पाखंडी' हा शिक्का किती सहज मारला जातो हे विसरू नये म्हणून मी ही गोष्ट नव्या माणसाला सांगतोच.

तेव्हा एखादा गट लहान आहे, नवा आहे, साधे कपडे घालतो, सिनेमा वर्ज्य मानतो, चार तास प्रार्थना करतो, एवढ्यावरून घाबरू नका. त्यांना एकच विचारा: "तुमच्याबाहेर कुणी तरणार का?" "हो, देव जाणे, पण आम्हांला ही वाट बरी वाटते," असं उत्तर आलं तर तो पंथ आहे आणि उद्याचा संप्रदाय. "नाही" असं उत्तर आलं, तर पुढची पायरी फार काळजीपूर्वक चढा.

पायरी पाचवी: वागणुकीचा तराजू

शिकवण कागदावर शुद्ध असूनही गट विषारी असू शकतो. नव्या करारातच याचं उदाहरण आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस येतो. त्याने चुकीचं शिकवलं असा आरोप योहान करत नाही. आरोप हा, की त्याला पुढारीपणाची हौस आहे, तो प्रेषितांचं ऐकत नाही, आलेल्या बंधूंना घरात घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. अवघ्या दोन वचनांत वागणुकीचं सगळं चित्र आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत 'शेफर्डिंग' नावाची चळवळ फोफावली. फोर्ट लॉडरडेलमधल्या पाच शिक्षकांपासून ती सुरू झाली. त्यांची ख्रिस्ताविषयीची शिकवण सरळ होती. पण प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक 'मेंढपाळ' नेमला जाई, आणि नोकरी, लग्न, पैसा यांसाठी त्याची परवानगी लागे अशी रीत ठिकठिकाणी रुजली. संसार मोडले. पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली.

टोकाचं उदाहरण जिम जोन्सचं. त्याचं पीपल्स टेंपल हे डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या जुन्या, प्रतिष्ठित संप्रदायाशी संलग्न होतं. म्हणजे पहिल्या पायरीवरचा "कुणाशी जोडलेले आहात?" हा प्रश्न तिथे विचारला असता तर उत्तर समाधानकारक आलं असतं. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये आणि आसपास मिळून नऊशेहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. म्हणून बाहेरची पाटी पाहून थांबू नका.

काय पाहायचं? मी पाच गोष्टी पाहतो, आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पुढाऱ्याला कुणी विचारणारं आहे का, हे आधी. हिशेब कोण तपासतं, पाळक चुकला तर त्याला कोण सांगतं, शेवटचं कधी सांगितलं? "देव सांगतो," एवढंच उत्तर असेल तर सावध व्हा.

दुसरी गोष्ट, पैसा. त्याबाबत 'दिदाखे' हे मंडळीचं फार जुनं नियमपुस्तक चांगलंच रोखठोक आहे. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ते लिहिलं गेलं असावं. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याची हस्तलिखित प्रत सापडली. फिरत्या प्रेषिताबद्दल ते सांगतं: एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या, पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा. आणि आत्म्याच्या आवेशात कुणी 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. याउलट एक घटना. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने मार्कियन नावाच्या शिक्षकाला त्याच्या शिकवणीसाठी बाहेर काढलं, तेव्हा त्याने आधी दिलेलं दोन लाख सेस्टर्सेसचं (रोमन नाण्यांचं) दान त्याला परत केलं. ज्याला बाहेर काढायचं त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवायचे! आजच्या किती मंडळ्यांना हे जमेल, मला शंका आहे.

तिसरी गोष्ट, प्रश्नांचं काय होतं. बिरुयातल्या लोकांनी पौल सांगतो ते खरं आहे का हे रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि त्याबद्दल त्या पुस्तकाचा लेखक लूक त्यांची स्तुती करतो (प्रेषितांची कृत्ये १७:११). जिथे प्रश्न विचारणाऱ्याला 'बंडखोर आत्मा' किंवा 'ईजबेलचा आत्मा' म्हटलं जातं, तिथे बिरुयाचे लोक पहिल्याच आठवड्यात बाहेर पडले असते. अशा गटांत आपसातली एक खास बोलीही तयार झालेली असते. दोन-तीन शब्दांत सगळा वाद मिटवला जातो आणि विचार तिथेच थांबतो.

चौथी, शेवटच्या दिवसांचा वापर. तो दिवस व ती घटका कुणालाच ठाऊक नाही असं येशूने सांगितलं (मत्तय २४:३६), तरी तारखा काढणारे संपत नाहीत. तारीख काढणं हा मूर्खपणा झाला. तारखेच्या नावाने घर विकायला, औषध बंद करायला किंवा उपाशी राहायला लावलं जातं, तेव्हा तो जीवघेणा होतो. २०२३ साली केनियातल्या शाकाहोला जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. येशूला भेटायचं तर उपास करून मरा, अशी शिकवण त्यांना दिली गेल्याचा आरोप आहे.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: सोडून गेलेल्यांविषयी ते कसं बोलतात? हा प्रश्न मी मुद्दाम सहज विचारतो, "इथून कुणी दुसऱ्या मंडळीत गेलंय का हल्ली?" निरोगी मंडळीत उत्तर येतं, "हो, अमुक कुटुंब गेलं, त्यांना लहान मुलांसाठी वर्ग हवा होता, भेटतात अधूनमधून." आजारी मंडळीत खोली गप्प होते. किंवा सांगतात की तो गेला आणि महिन्याभरात त्याचा अपघात झाला.

अवघड प्रकरणं

दोन्ही तराजू हाती घेतल्यावरही काही गट मध्येच लटकतात. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची मुळं विल्यम मिलर या उपदेशकाने प्रभूच्या येण्याच्या काढलेल्या हिशेबात आहेत. २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येणार होता, आला नाही. १८६३ साली मंडळी रीतसर संघटित झाली. बराच काळ प्रॉटेस्टंट लेखक तिला कल्टांत मोजत. १९५६ मध्ये डोनाल्ड बार्नहाउस आणि वॉल्टर मार्टिन या प्रॉटेस्टंट लेखकांनी तिच्या पुढाऱ्यांशी चर्चा करून जाहीर केलं की काही शिकवण आम्हांला पटत नाही, तरी हे ख्रिस्ती बंधू आहेत. तेव्हा अनेकांनी त्यांच्यावर टीका केली, आजही काही जण असहमत आहेत. मला मात्र त्यांची पद्धत आवडते, आधी भेटले, मग लिहिलं.

वननेस पेंटेकॉस्टल दुसऱ्या टोकाला. आवेश, उपासना, प्रार्थना सगळं इतर पेंटेकॉस्टलांसारखं, पण ते त्रैक्य मानत नाहीत आणि फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. याच प्रश्नावर १९१६ साली असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संप्रदायात फूट पडली. शिकवणीच्या तराजूत दोष मोठा, वागणुकीच्या तराजूत प्रत्येक मंडळी वेगळी. अशांना एका शब्दात बसवण्याचा हट्ट करू नका.

गट परतही येऊ शकतो. हर्बर्ट डब्ल्यू. आर्मस्ट्राँग यांची वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड त्रैक्य नाकारत असे, शब्बाथ आणि जुन्या करारातले सण सक्तीचे मानत असे. १९८६ साली आर्मस्ट्राँग गेले. त्यांच्या जागी आलेल्या जोसेफ टकाच यांनी शास्त्र पुन्हा तपासायला घेतलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये सभासदांना सांगितलं की आपण चुकत होतो. हजारो लोक सोडून गेले, दानपेटी आटली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय संघाने त्या मंडळीला सामावून घेतलं. आज तिचं नाव ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल आहे. एखाद्या गटाविषयी वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचून बोलण्याआधी तो आज काय मानतो ते पाहावं, ते एवढ्याचसाठी.

हे सगळं करायचं कसं

एक साधी वही ठेवा. पहिल्या भेटीची तारीख, सांगितलेलं नाव, विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं. तीन महिने कशावरही सही करू नका, मोठं दान देऊ नका, पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नका. 'आजच निर्णय घ्या' हे शब्द तारणाच्या हाकेत शोभतात, सभासदत्वाच्या अर्जावर नाही. दरम्यान त्या गटाबाहेरच्या एका अनुभवी पाळकाला किंवा शहाण्या विश्वासणाऱ्याला महिन्यातून एकदा वही दाखवा. गटाला हे कळलं आणि ते नाराज झाले, तर तीही नोंद वहीत करा. आणि गटाविषयी टीका वाचाल तेव्हा त्यांची स्वतःची पत्रकंही वाचा. विरोधकही खोटं लिहितात.

आधीच आत असाल आणि बाहेर पडावंसं वाटत असेल, तर सभेत उभं राहून जाहीर करण्याची गरज नाही. कागदपत्रं, पैसे आणि राहायची जागा आधी सुरक्षित करा, एका विश्वासू माणसाला सांगा, मग निघा. मारहाण, कोंडून ठेवणं, मुलांवर अत्याचार किंवा औषध बंद करायला लावणं असं काही असेल तर आधी पोलीस आणि डॉक्टर, पाळक नंतर.

आपलं माणूस आत असेल तर सगळ्यात कठीण काम म्हणजे वाद न घालणं. तुम्ही त्यांच्या पुढाऱ्यावर बोट ठेवलंत की त्यांना शिकवलेलं भाकीत खरं ठरतं, 'घरचेच तुमचा छळ करतील'. फोन चालू ठेवा. वाढदिवसाला भेटा. कधीतरी एखादा प्रश्न मोकळेपणाने विचारा आणि उत्तरावर तुटून पडू नका. परत आलं तर पहिल्या रविवारी हात धरून आपल्या मंडळीत नेऊ नका. अशा कितीतरी जणांना काही महिने प्रार्थनेचा सूर ऐकला तरी छातीत धडधडतं, काहींना बायबल उघडलं की जुने बाण दिसतात. माझ्या त्या ओळखीच्या मुलाला दीड वर्ष लागलं. तोवर आम्ही फक्त फिरायला जायचो, आणि तो विषय त्याने स्वतः काढेपर्यंत मी काढला नाही.